मोठी बंदूक, लहान बार

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल. ज्या घरांत बंदूक कधीं आली नाहीं आणि यावी अशी इच्छाहि नाहीं, त्या घरांतील माणसांनीं काडतुसें भरण्याची विद्या कशासाठीं ऐकावी, असा प्रश्न कोणीहि विचारील. त्याचें उत्तर असें कीं, हा विषय वरवर बंदुकीचा दिसला तरी त्याच्या पोटीं प्रमाणाचा प्रश्न आहे. हातीं असलेलें साधन कामाच्या मानानें फार मोठें असलें, तर तें टाकून दुसरें घ्यावें, कीं त्यालाच आवर घालून त्याच्याकडून लहान काम करून घ्यावें? अमेरिकेंतील शिकाऱ्यांनीं व नेमबाजांनीं गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांत या प्रश्नाचें जें उत्तर शोधलें, त्यांत पदार्थविज्ञान आहे, धातुविद्या आहे, काटकसर आहे, आणि जिवावर बेतणारे धोकेहि आहेत.

प्रथम अडचण काय ती पाहूं. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागांत रॉकी पर्वताच्या रांगा आहेत. तेथें शरदृतूंत एल्क नांवाच्या, हरिणकुळांतील घोड्याएवढ्या प्राण्याच्या शिकारीसाठीं लोक रानांत तंबू ठोकून आठ-आठ, दहा-दहा दिवस राहतात. एवढ्या प्राण्यासाठीं जी रायफल लागते, ती अर्थातच जबर असते. तिकडे फार प्रचारांत असलेली एक रायफल ‘थर्टी-ऑट-सिक्स’ या नांवानें ओळखली जाते. नळीचा व्यास इंचाचे शंभरांतील तीस भाग, आणि काडतूस अमेरिकन सैन्यानें स्वीकारलें तें १९०६ सालीं, एवढाच या नांवाचा अर्थ. आतां असें समजा कीं, एल्क तर दिसत नाहीं, परंतु तंबूच्या वाटेवर एक ससा किंवा ग्राउज नांवाचा रानकोंबडीसारखा पक्षी समोर आला. संध्याकाळच्या जेवणाची सोय झाली असें वाटून शिकाऱ्यानें तीच रायफल झाडली, तर सशाच्या ठिकाणीं खाण्याजोगें कांहीं उरत नाहीं. आणि तो आवाज डोंगरांतून घुमून मैलभर टापूंतील एल्क मात्र सावध होतात. डोंगर पोखरून उंदीर काढावा आणि तो उंदीरहि हातीं लागूं नये, असा हा प्रकार होतो.

हें असें कां होतें, याचा साधा हिशेब मांडून पाहूं. वरील रायफलीची १९०६ सालची सैनिकी गोळी १५० ग्रेन वजनाची होती. आपला जुना तोळा म्हणजे १८० ग्रेन. तेव्हां ही गोळी तोळ्याहून थोडी हलकी. ती नळींतून बाहेर पडतांना तिचा वेग सेकंदाला सुमारें ८२० मीटर असे. वस्तूच्या अंगची गतिशक्ति काढावयाची तर वजनास वेगाच्या वर्गानें गुणून निम्मे करावें, हें आपण शाळेंत शिकलों आहों. त्याप्रमाणें या गोळीच्या अंगीं ३,२०० ज्यूलांहून अधिक शक्ति येते. आतां त्याच रायफलींतून ११५ ग्रेन वजनाची शिशाची गोळी सेकंदाला ३२० मीटर वेगानें सोडली असें धरा. वजन पाव हिश्शाच्या आसपास घटलें, वेग निम्म्याहूनहि खालीं आला. पण शक्ति काढून पाहिली तर ती ३८० ज्यूलांच्या जवळपास येते, म्हणजे पहिल्या शक्तीच्या आठव्या हिश्शाहूनहि थोडी कमी! वेगाचा वर्ग होतो, त्याचा हा प्रताप. मुलांना हा वर्ग पाटीवर नीट समजत नाहीं. परंतु या उदाहरणांत तो सहज समजतो. आणि ही कमी केलेली शक्तिसुद्धां सशासाठीं पुरून उरणारी आहे. कारण अशा शिकारीसाठीं वापरल्या जाणाऱ्या बावीस बोअरच्या लहान बंदुकीच्या गोळीची शक्ति दीडशें ज्यूलांच्या आंतबाहेरच असते.

वेग कमी केल्याचे आणखीहि फायदे आहेत. ध्वनीचा वेग हवेच्या उष्णतेवर अवलंबून असतो. गोठणबिंदूच्या सुमारास तो सेकंदाला सुमारें ३३१ मीटर असतो. गोळी त्याहून जलद गेली कीं हवेंत चाबूक ओढल्यासारखा कडाड् असा निराळा आवाज होतो. ३२० मीटर वेगाच्या गोळीचा तो आवाज होत नाहीं. खांद्याला बसणारा धक्काहि इतका कमी होतो कीं, त्याची शक्ति पूर्ण बाराच्या धक्क्याच्या दशांशाहूनहि खालीं जाते. ज्या माणसास मोठ्या रायफलीच्या धक्क्याची धास्ती असते, तो घोडा ओढतांना नकळत डोळे मिटतो आणि नेम चुकतो. अशास प्रथम लहान बारावर शिकवून हळूहळू मोठ्या बाराकडे नेतां येतें. आधीं बेरीज, मग गुणाकार, हाच तो क्रम.

ही कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकन सैन्यानें १८७३ सालीं स्प्रिंगफील्ड रायफल घेतली. तिची शिशाची गोळी ४०५ ग्रेनची, म्हणजे बरोबर सव्वादोन तोळ्यांची, आणि तिच्यामागें ७० ग्रेन काळी दारू. परंतु घोडेस्वारांची आंखूड व हलकी कार्बाइन या बारानें फार धक्का देई. म्हणून तिच्यासाठीं त्याच काडतुसांत ५५ ग्रेन दारू घालूं लागले. पुढें १८८१ च्या सुमारास दूरच्या ठाण्यांवरील शिपायांना पाखरें, ससे मारून आपल्या शिध्यांत भर घालतां यावी, म्हणून याच रायफलीसाठीं पोकळ लांकडी गोळींत छर्रे भरलेलें निराळें काडतूस काढण्यांत आलें. इंग्लंडांत रिचर्ड मॉरिस या गृहस्थानें निराळी युक्ति काढली. मोठ्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या नळींत एक बारीक नळी बसवावयाची आणि तींतून लहानशीं काडतुसें उडवावयाचीं. ही ‘मॉरिस नळी’ ब्रिटिश सैन्यांत शिकाऊ शिपायांच्या सरावासाठीं पुष्कळ वर्षें वापरांत होती. बंदिस्त जागेंत थोड्या अंतरावर नेमबाजी शिकवितां यावी, एवढ्यासाठीं शिशाची हलकी गोळी व चिमूटभर दारू घातलेलीं काडतुसें अमेरिकन सरकार विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्या कारखान्यांत करवीत असे.

काळी दारू होती तोंपर्यंत ही सर्व गोष्ट सोपी होती. सोरा, कोळसा व गंधक यांची ती दारू धूर फार करी, आणि तिच्यानें गोळीला येणारा वेग बेताचाच असे. घरीं ओतलेली शिशाची गोळी त्या वेगास पुरी पडे. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएल यानें बिनधुराची दारू सिद्ध केली आणि दोनच वर्षांनीं तेथील सैन्यानें तिच्यासाठीं बांधलेली लेबेल रायफल हातीं घेतली. वेग एकदम वाढला. इतक्या वेगानें नळीच्या आंतील पेचदार खोबणींतून जातांना नुसतें शिसें टिकेना; तें खरवडलें जाऊन नळीस चिकटे, आणि गोळी खोबण्यांना न जुमानतां सरळ घसरत जाई. त्यावर स्वित्झर्लंडांतील एडुआर्ड रुबिन यानें १८८२ सालींच काढलेला उपाय सर्वांनीं उचलला: शिशाच्या गोळीवर तांब्याचें कवच चढविणें. अमेरिकेनेंहि १८९२ सालीं क्राग रायफल घेऊन हाच मार्ग धरला. घरच्या चुलीवर शिसें वितळवून गोळ्या ओतण्याचा शेंकडों वर्षांचा रिवाज आतां संपला, असें पुष्कळांस वाटलें.

तो संपला नाहीं, याचें श्रेय कांहीं चिकट माणसांना आहे. जॉन बार्लो यानें १८८४ सालीं ‘आयडियल’ नांवाचा कारखाना कनेक्टिकट संस्थानांत काढला. गोळ्यांचे साचे आणि काडतुसें पुन्हां भरण्याचीं चिमट्यासारखीं हत्यारें हा कारखाना करी, आणि त्यांचा उपयोग कसा करावा याचीं पुस्तकेंहि छापी. जळत्या दारूचा ऊष्ण वायु शिशाच्या गोळीच्या बुडास वितळवितो, हें ध्यानीं घेऊन विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत या कारखान्यानें गोळीच्या बुडावर तांब्याची एक लहानशी वाटी बसविण्याची पद्धत प्रचारांत आणली. वाटी गोळीबरोबरच जाते आणि बुडाचें रक्षण करते. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील डॉ. फ्रँकलिन मान यांनीं १९०९ सालीं आपल्या दीर्घ प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गोळ्यांचीं टोकें मुद्दाम विद्रूप करून व बुडें मुद्दाम विद्रूप करून त्यांनीं त्या झाडून पाहिल्या. टोक बिघडलें तर नेम फारसा बिघडत नाहीं. बूड बिघडलें तर मात्र गोळी भलतीकडेच जाते, असें त्यांना आढळलें. नळीच्या तोंडांतून सर्वांत शेवटीं सुटतें तें बूड. तें वांकडें असेल तर वायु एका बाजूनें आधीं निसटतो आणि गोळीस ढकलतो. वाटीचें महत्त्व या प्रयोगांवरून अधिकच पटतें. सैन्यांत कर्नलच्या हुद्द्यापर्यंत गेलेले आणि शिकारीवर अखंड लिहिणारे टाउनसेंड व्हीलन यांनीं मोठ्या रायफलींतून लहान शिकार करण्यासाठीं अशा काडतुसांचा पुरस्कार केला, आणि सामान्य शिकाऱ्यांत ही गोष्ट पसरली.

आतां गोळी कशाची करतात तें पाहूं. नुसतें शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें, पण तें फार मऊ असतें. त्यांत थोडें कथील घातलें म्हणजे रस पातळ होऊन साच्याच्या कोनाकोपऱ्यांत शिरतो. अँटिमनी घातली म्हणजे गोळी कठीण होते. श्रोतेहो, शिसें, अँटिमनी व कथील हीं तीन नांवें ऐकून आपणांपैकीं छापखान्याशीं संबंध आलेल्या मंडळींस ओळख पटली असेल. आपले खिळे याच तीन धातूंचे असत. जावजी दादाजींनीं मुंबईस १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्याच्या सुबक देवनागरी टायपांचें नांव देशभर झालें. ज्या मिश्रणांतून अक्षर रेखीव उठतें, त्याच मिश्रणांतून गोळीहि रेखीव उठते. कारण कारागीर अक्षर ओतो कीं गोळी, साच्याची प्रत्येक कड भरून आली पाहिजे ही त्याची गरज एकच. लायनोटाइप यंत्राच्या धातूंत शंभरांत सुमारें ८४ भाग शिसें, १२ भाग अँटिमनी व ४ भाग कथील असे, आणि तो सुमारें २४० अंशांलाच वितळे. अमेरिकेंतील हौशी लोक छापखान्यांतून तो विकत आणीत. पुढें छपाईचें तंत्र बदलून गरम धातूचे छापखाने बंद पडत गेले, तसा हा पुरवठाहि आटला. मग मोटारीच्या चाकांचा तोल साधण्यासाठीं जीं शिशाचीं वजनें लावीत, तीं जुनीं झाल्यावर गोळा करून लोक आपली गरज भागवूं लागले. एका धंद्याची मोड दुसऱ्या छंदास कशी उपयोगीं पडते, याचें हें एक चांगलें उदाहरण आहे.

ओतलेली गोळी नळीच्या खोबण्यांच्या व्यासाहून इंचाच्या एक-दोन हजारांश भागानें जाड ठेवतात. ती सैल असली तर वायु तिच्या बाजूनें निसटून शिसें जाळतो आणि नळीस लेप बसतो. गोळीच्या अंगावर कंगोरे असतात. त्यांत वंगण भरतात. पूर्वीं मधमाश्यांचें मेण व चरबी हें वंगण असे. पुढें मेण आणि ‘ॲलॉक्स’ नांवाचें खनिज तेलापासून केलेलें गंजरोधक द्रव्य यांचें निम्मे-निम्मे मिश्रण रूढ झालें. शिवाय गोळीचें टोंक अणकुचीदार न ठेवतां बोथट किंवा सपाट ठेवतात. वेग कमी असल्यामुळें ती मांसांत फुटून पसरत नाहीं. सपाट तोंडामुळें घाव मात्र पुरेसा होतो, आणि जनावर तडफडत न राहतां लवकर मरतें. शिकार करावयाचीच तर ती यातनेवांचून व्हावी, हा तिकडच्या सज्जन शिकाऱ्यांचा पहिला नियम आहे.

एवढें ऐकून कोणास वाटेल कीं, मग काय, काडतुसांतील दारू थोडी कमी केली कीं काम झालें! येथेंच या विद्येचा खरा कठीण भाग सुरू होतो. ‘अति तेथें माती’ ही म्हण आपण जाणतों. परंतु या प्रकरणांत अति कमी तेथेंहि माती होते.

पहिला धोका दुहेरी बाराचा. मोठ्या काडतुसाच्या पितळी पुंगळींत पूर्ण बाराची दारू जवळजवळ कांठोकांठ येते. लहान बारासाठीं जी जलद जळणारी दारू वापरतात, ती त्या पुंगळीच्या तळाशीं थोडीशीच दिसते. भरणाऱ्याचें लक्ष क्षणभर चळलें आणि त्याच पुंगळींत दुसरें माप पडलें, तरी तें आंत सहज मावतें आणि बाहेरून कांहीं कळत नाहीं. जलद दारूचें माप दुप्पट झालें म्हणजे दाब दुप्पट होऊन थांबत नाहीं, तो त्याहून पुष्कळच वाढतो. रायफल फुटते, आणि ती चेहऱ्याजवळ धरलेली असते. म्हणून जाणते लोक सर्व पुंगळ्या एका लांकडी ठोकळ्यांत ओळीनें उभ्या करतात, आणि गोळ्या बसविण्यापूर्वीं दिवा धरून प्रत्येकीच्या आंत डोकावून पाहतात. या धोक्यासाठींच फुगीर, वजनानें हलकी पण जागा फार व्यापणारी दारू काढण्यांत आली. २००० सालानंतरच्या दशकांत ‘ट्रेल बॉस’ नांवाची जी दारू बाजारांत आली, तिचा प्रत्येक कण मध्यें भोंक असलेल्या चकतीसारखा होता. तिचें दुप्पट माप ओतूं गेलें तर ती पुंगळीबाहेर सांडावी, हाच तिच्या रचनेंतील हेतु.

दुसरा धोका याच्या उलट. दारू फारच कमी पडली तर गोळी नळींत मध्येंच अडकून बसते. आवाज बारीक येतो, धक्का जाणवत नाहीं. शिकाऱ्यानें घाईघाईनें दुसरें काडतूस चढवून घोडा ओढला, तर अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी जाऊन आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. म्हणून आवाज संशयास्पद वाटतांच थांबावें, आणि नळी आरपार मोकळी दिसल्याशिवाय पुढें जाऊं नये, असा नियम आहे.

तिसरा धोका सर्वांत चमत्कारिक. मोठ्या काडतुसाची जी सावकाश जळणारी दारू असते, तीच फार कमी मापानें घातली असतां क्वचित् प्रसंगीं दाब कमी होण्याऐवजीं एकाएकीं भयंकर वाढून रायफली फुटल्याचे प्रकार घडलेले आहेत. पुंगळी अर्धी रिकामी राहिल्यामुळें दारू आडवी पसरते, ज्योत तिच्या सर्व पृष्ठभागावरून एकदम धांवते, अशी एक उपपत्ति आहे. गोळी थोडी सरकून थांबते आणि मग मागील दाब वाढतो, अशी दुसरी. म्हणून सावकाश दारू सांगितलेल्या किमान मापाखालीं कधींहि नेऊं नये, असें सर्व कारखानदार बजावतात. एखाद्या विशिष्ट दारूच्या बाबतींत कारखानदारानें स्वतः प्रयोग करून, पूर्ण मापाच्या शेंकडा साठपर्यंत खालीं येण्यास हरकत नाहीं, असें छापून दिलेलें आहे. परंतु ती सवलत त्या एका दारूपुरती. एका मुलाचें औषध दुसऱ्यास देऊं नये, तसेंच हें.

रिकाम्या जागेमुळें आणखी एक गोष्ट होते. रायफल खालीं झुकवून मग उचलली तर दारू गोळीकडे सरकलेली राहते. वर रोखून मग खालीं आणली तर ती मागें, टोपीजवळ राहते. दोन्ही वेळां पेट निराळा घेतला जातो आणि वेगांत फरक पडतो. यासाठीं पुष्कळ नेमबाज प्रत्येक बारापूर्वीं नळी एकदा आकाशाकडे करून मग नेम धरतात. कोणी दारूवर कापसासारखें कांहीं हलकें भरण घालून ती जागच्या जागीं ठेवीत. पण कांहीं रायफलींच्या नळींत त्यामुळें कडें उमटल्यासारखा फुगवटा आल्याचें आढळल्यावर या रीतीविषयीं वाद माजला आणि सावध लोकांनीं ती सोडली.

नेमाचा हिशेबहि बदलतो. पूर्ण वेगाची गोळी शंभर यार्डांचें अंतर सेकंदाच्या आठव्या-नवव्या भागांत तोडते आणि तेवढ्या वेळांत सुमारें सात सेंटिमीटर खालीं पडते. मंद गोळीस तेंच अंतर तोडण्यास सेकंदाचे तीन दशांश लागतात. तेवढ्यांत ती चाळीस सेंटिमीटरांहून अधिक, म्हणजे जवळजवळ हातभर, खालीं येते. पडण्याचें अंतर वेळेच्या वर्गानें वाढतें. हा पुन्हां वर्गच आला. परंतु पंचवीस यार्डांवर हीच गोळी अडीच-तीन सेंटिमीटरच खालीं येते. लहान शिकार जवळूनच करावयाची असल्यानें एवढें चालतें. मात्र दोन्ही प्रकारच्या काडतुसांसाठीं नेम निरनिराळा लावून ठेवावा लागतो. आणि मंद गोळी म्हणजे निरुपद्रवी गोळी, हा समज तर अगदीं घातक. बावीस बोअरची चिमुकली गोळीसुद्धां मैलाहून अधिक दूर जाऊं शकते. ही तर तिच्या जवळजवळ तिप्पट वजनाची. शिवाय ती लवकर फुटत नसल्यामुळें दगडावर किंवा पाण्यावर आपटून उसळते. मागें मातीचा बांध किंवा टेकाड असल्याखेरीज ती सोडणें हा अपराधच होय.

मग कोणी विचारील कीं, इतका खटाटोप करण्यापेक्षां बावीस बोअरची स्वस्त बंदूक घेतलेली काय वाईट? हा आक्षेप खरा आहे, आणि पुष्कळ लोक तेंच करतात. परंतु डोंगरांत पाठीवर एकच रायफल वाहून नेतां येते. शिवाय काडतुसाचा सर्वांत महाग भाग म्हणजे पितळी पुंगळी. लहान बारांत दाब कमी असल्यानें तीच पुंगळी पुन्हां पुन्हां भरतां येते. आणि ज्या रायफलीवर उद्यां मोठी जबाबदारी टाकावयाची, तिच्याच घोड्याची, तिच्याच वजनाची संवय वर्षभर हातास राहते.

आतां शेवटच्या आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतों. ती म्हणजे शिसें. हें विष आहे, आणि तें शरीरांत सांचत जातें. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस तें फार अपाय करतें. शिसें वितळवितांना त्यावर राखेसारखी जी मळी येते, तिची धूळ हातांवाटे व श्वासावाटे पोटांत जाते. म्हणून स्वयंपाकघरांत, स्वयंपाकाच्या भांड्यांत, मुलांच्या वावराच्या जागीं हें काम करूं नये; उघड्या हवेंत करावें आणि नंतर हात धुतल्याशिवाय घांसास हात लावूं नये. तापलेल्या रसांत पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची क्षणांत वाफ होऊन रस चौफेर उडतो, हेंहि ध्यानीं ठेवावें.

या विषाची किंमत रानानेंहि मोजलेली आहे. कॅलिफोर्नियांत काँडॉर नांवाचें प्रचंड गिधाड आहे. शिकाऱ्यांनीं टाकलेल्या मांसांतील शिशाचे कण खाऊन हीं गिधाडें मरत गेलीं. इतर कारणेंहि होतीं. पण १९८७ सालीं जगांत अवघीं २७ काँडॉर उरलीं आणि तीं सर्व पिंजऱ्यांत आणून वाढवावीं लागलीं. पुढें त्यांना पुन्हां रानांत सोडलें, तरी शिशाचें विष हेंच त्यांच्या मृत्यूचें मुख्य कारण राहिलें. अखेर कॅलिफोर्नियानें २०१३ सालीं कायदा करून शिकारींत शिशाची गोळी वापरण्यास बंदी घातली आणि ती २०१९ च्या जुलैपासून पूर्णपणें अमलांत आली. वेगवान गोळी फुटून तिचे बारीक कण मांसभर पसरतात, तसे मंद ओतीव गोळीचे फारसे पसरत नाहींत, असें हौशी लोक म्हणतात आणि त्यांत तथ्य आहे. परंतु तळाशीं राहिलेली अख्खी गोळी गिधाडाच्या पोटांत गेली तर तीहि त्याचा जीव घेतेच. जी धातु आपणांस साच्यांत इतकी आज्ञाधारक वाटते, ती रानांत सुटल्यावर कोणाचीच आज्ञा मानीत नाहीं.

आपल्या देशाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवान्यावांचून काडतुसें तयार करतां येत नाहींत. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व १९९१ च्या दुरुस्तीनें हौशी शिकारीचीं दारें येथें बंद झालीं आहेत. तीं बंद झालीं हें योग्यच झालें, असें मला वाटतें. तेव्हां ही माहिती हातानें करून पाहण्यासाठीं नाहीं, आणि जीं मापें मीं सांगितलीं तींहि हिशेब समजण्यापुरतींच घ्यावींत. परंतु अमेरिकेस राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांचे शेजारी शरदृतूंत बंदुका घेऊन रानांत निघालेले दिसतात; ते काय करतात आणि कोणत्या नियमांनीं करतात, हें समजून घेण्यास हरकत नसावी.

आणि त्या नियमांचें सार काढूं गेलें तर तें बंदुकीपुरतें राहत नाहीं. शक्ति कमी करणें हें शक्ति वाढविण्याइतकेंच कौशल्याचें काम आहे. तें अंदाजानें होत नाहीं. त्याला तराजू लागतो, छापील आधार लागतो, प्रत्येक पुंगळींत दिवा धरून पाहण्याची चिकाटी लागते. मोठें सामर्थ्य हातीं असतांना त्यांतलें आठवा हिस्साच वापरावयाचें, आणि तोहि मागें मातीचा बांध पाहून, ही शिस्त ज्याच्या अंगीं आली, त्याच्या हातीं मोठी वस्तु देण्यास भीति नाहीं. घरांतल्या रागापासून राज्यकर्त्यांच्या अधिकारापर्यंत या हिशेबाचा उपयोग कोठें कोठें करावयाचा, तें श्रोत्यांनींच ठरवावें.